गिरिभ्रमणातील उतरण, पायांच्या स्नायूंचा थकवा आणि बलवर्धक व्यायाम

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गिरिभ्रमण सहलीची पूर्वतयारी म्हणून सामान्यतः मैदानावर धावण्याचा सराव घेतला जातो. त्यामुळे दमश्वास वाढतो, हे खरे. तथापि कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर सहज पोहोचलेल्या विद्यार्थ्याचेही पाय परतीच्या वाटेवर, लोखंडी शिड्या उतरताना थरथरू लागतात. प्रस्तुत लेखात या थकव्याचे कारण व त्यावरील व्यायाम यांचे विवेचन केले आहे.

चढताना मांडीच्या पुढील बाजूचा क्वाड्रिसेप्स हा स्नायूसमूह आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायूसमूह ताणाखाली लांबत जाऊन शरीराचा भार सावकाश खाली सोडतो, म्हणजेच ब्रेकचे काम करतो. यास इसेंट्रिक आकुंचन म्हणतात. १९५२ साली ॲबट, बिगलँड व रिची यांनी दोन सायकली साखळीने जोडून एकाने पॅडल मारावे व दुसऱ्याने त्यास विरोध करावा, असा प्रयोग केला. बळ समान असूनही विरोध करणाऱ्यास प्राणवायू पुष्कळच कमी लागला. उतारावरील धोक्याचे मूळ येथेच आहे. दम लागत नाही म्हणून विद्यार्थी वेग वाढवितो. दरम्यान स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होत राहते, बळ घटते आणि गुडघा ऐन वेळी दगा देतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना होणारी वेदना याच इजेशी निगडित आहे. ती लॅक्टिक आम्ल साचल्याने होते, असे आजही वर्गात सांगितले जाते; वस्तुतः वाढलेले लॅक्टेट विश्रांतीनंतर साधारण तासाभरात पूर्ववत होते.

या प्रकारच्या व्यायामाच्या एका सत्रानेही पुढील काही आठवडे अशी इजा कमी होते. म्हणून सहलीपूर्वी सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा पुढील सराव द्यावा. पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहून, तीन-चार सेकंद घेत दुसऱ्या पायाची टाच खालच्या पायरीस टेकवावी. प्रत्येक पायाने आठ ते दहा आवर्तने, अशा तीन फेऱ्या कराव्यात. पुढे पाठीवर पिशवी घ्यावी. आखाड्यातील बैठकाही चालतील, मात्र तेथे संख्येला असलेला मान येथे संथपणे खाली जाण्यास द्यावा लागेल. यासाठी व्यायामशाळेची गरज नाही, महाविद्यालयाचा जिना पुरेसा आहे. शेवटचे कठीण सत्र सहलीच्या किमान आठवडाभर आधी संपवावे, अन्यथा दुखऱ्या मांड्या घेऊनच निघावे लागेल. उतरताना हाती काठी असावी आणि अनुभवी प्राध्यापकाने सर्वांच्या पुढे राहून वेग आवरावा.