आकडा वाचकासाठी, कारण लेखकासाठी : गुणांकनातल्या न्यायाविषयी

मागच्या व्याख्यानात आपण न्याय या संकल्पनेविषयी बरंच अमूर्त बोललो. शेवटी एका श्रोत्याने विचारलं, 'सर, हे सगळं रोजच्या व्यवहारात कुठे उपयोगी पडतं?' प्रश्न रास्त होता. म्हणून आज अगदी व्यवहारातला विषय घेतो.

गेल्या महिन्यात माझे तीन-चार जुने विद्यार्थी घरी आले होते. मराठी कथा-लेखांसाठी एक संकेतस्थळ काढायचं त्यांच्या मनात आहे. कोणीही लिहावं, कोणीही वाचावं. वाचकाने एक ते पाच तारे द्यावेत, वाटलं तर अभिप्राय लिहावा. ताऱ्यांची सरासरी काढायची आणि ज्याची सरासरी जास्त ते वर दाखवायचं. मला म्हणाले, 'सर, यात काही अन्याय होण्यासारखं आहे का?'

मी काही बोलायच्या आधीच त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, 'माझ्या आईचं झालंय ना.' तिच्या आईने साठी उलटल्यावर आयुष्यातली पहिली कथा लिहिली, मोबाइलवर, एका बोटाने. अशाच एका ठिकाणी टाकली. तासाभरात एक तारा पडला. सोबत शब्द एकही नाही. सरासरी किती? एक. आईंनी दोन दिवस वाट पाहिली, कथा काढून टाकली आणि नंतर काही लिहिलं नाही.

आता यावर कोणी म्हणेल, लिहायचं तर टीका सोसायची तयारी हवी. खरं आहे. पण त्या बाईंवर टीका झाली का? टीका म्हणजे कारणासह मत. त्यांना मिळाला नुसता एक आकडा. एका माणसाने, वाचून की न वाचता ठाऊक नाही, कळ दाबली आणि यंत्राने त्याला 'सरासरी' असं भारदस्त नाव दिलं. म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. आजचं व्याख्यान या गल्लतीविषयीच आहे.

गुणांकन दोन कामं करतं. एक, हजारो कथांपैकी आधी कोणती उघडावी हे वाचकाला सांगतं. हे रांग लावण्याचं काम. दुसरं, लेखकाला त्याच्या लेखनाविषयी काही कळवतं. हे निवाड्याचं काम. आपण एकाच आकड्याकडून ही दोन्ही कामं करून घेऊ पाहतो आणि मग दोन्ही बिघडतात. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो : आकडा वाचकासाठी असावा, कारण लेखकासाठी असावं, आणि दोहोंची खाती वेगळी ठेवावीत.

आधी आकडा घेऊ. समजा, एका कथेला तीनच वाचक मिळाले, तिघांनीही पाच तारे दिले. सरासरी पाच. दुसऱ्या कथेला दोनशे वाचक मिळाले, सरासरी ४.६. वर कोणती दाखवायची? नुसती सरासरी पाहिली तर पहिली. पण ते तीन वाचक लेखकाचा भाऊ, वहिनी आणि शेजारी नसतील कशावरून? तिघांच्या मतावर आपला भरवसा कमी असतो. हे कमी असणं आकड्यात उतरायला हवं.

यावर जुनी आणि साधी युक्ती आहे. प्रत्येक कथेच्या खात्यात सुरुवातीलाच काही काल्पनिक मतं जमा करायची. समजा, संकेतस्थळावरच्या सगळ्या लेखनाची सरासरी ४ आहे, तर प्रत्येक कथेला ४ ताऱ्यांची १० मतं आधीच देऊन ठेवायची. आता गणित करा. पहिल्या कथेचे १५ तारे, अधिक ४०, भागिले १३ : ४.२३. दुसरीचे ९२० अधिक ४०, भागिले २१० : ४.५७. दुसरी वर गेली. पण पहिलीलाही दार बंद नाही. तिला वीस जणांनी पाच-पाच तारे दिले की ती ४.६७ वर जाते आणि दुसरीला मागे टाकते. चित्रपटांच्या याद्या करणाऱ्यांनी याच धर्तीची सूत्रं वापरली आहेत. मुळातली कल्पना अठराव्या शतकातल्या बेझ आणि लाप्लास यांच्या संभाव्यता-विचारातून आली.

आणि त्या आईंची कथा? एक तारा अधिक ४०, भागिले ११ : ३.७३. म्हणजे एका माणसाच्या लहरीने कथा तळाला जात नाही. सूत्र त्यांना सांगतं, 'बाई, अजून काही ठरलेलं नाही.' हे खोटं सांत्वन नव्हे. खरोखरच काही ठरलेलं नसतं. एका मतावरून निकाल लावणं हाच खोटेपणा होता.

आता दुसरी अडचण. सूत्र कितीही चांगलं असलं तरी आत जाणारी मतं स्वतंत्र हवीत. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से याने १७८५ साली एक सिद्धान्त मांडला. प्रत्येक जण बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडीशी जरी अधिक असली, तरी माणसं वाढतील तसं बहुमत बरोबर असण्याची शक्यता वाढत जाते. लोक हे मोठ्या उत्साहाने सांगतात आणि त्यातली अट विसरतात. अट अशी की प्रत्येकाने आपापलं ठरवलेलं असावं. शंभर जणांनी एकमेकांकडे पाहून हात वर केले तर ती शंभर मतं नव्हेत, एकच मत शंभर वेळा मोजलं.

इथे मला माझीच एक कबुली द्यावी लागेल. मी तीसेक वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, पुढे मॉडरेटर म्हणूनही काम केलं. मॉडरेटरसमोर पहिल्या परीक्षकाचे गुण लाल शाईत असायचे. तिथे बारा दिसले की माझे अकरा किंवा तेरा व्हायचे. मी मनापासून वाचत होतो, निदान असं मला वाटायचं. एकदा एका उत्तरपत्रिकेचं वरचं पान दुमडून चिकटलं होतं, त्यामुळे आधीचे गुण दिसले नाहीत. मी त्या उत्तराला वीसपैकी सोळा दिले. मग पान सोडवून पाहतो तर पहिल्या परीक्षकाचे नऊ! त्या उत्तराची आम्ही नीट चर्चा केली, त्याचं काम झालं. पण त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांची पानं चिकटली नव्हती त्यांचं काय?

माझा हा अनुभव एकट्याचा नाही हे पुढे प्रयोगांनीही दाखवलं. २००६ साली साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून अधिक लोकांना अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकवली. काहींना इतरांची पसंती दिसत नव्हती. बाकीचे आठ वेगवेगळ्या गटांत विभागले होते आणि त्यांना आपापल्या गटाची पसंती दिसत होती. गाणी तीच, पण आठ गटांत लोकप्रियतेचा क्रम वेगवेगळा लागला. फार चांगली गाणी सहसा पडली नाहीत, फार वाईट सहसा चढली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आणि मंडळी, आपण बहुतेक लिहिणारे मधलेच असतो.

२०१३ मध्ये मुच्निक, अराल आणि टेलर यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना, त्या लिहिल्या गेल्या क्षणी, मुद्दाम एक अनुकूल मत दिलं. कशाला द्यायचं हे यदृच्छेने ठरवलेलं. एवढ्यावरून त्यांचं अंतिम गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं. खोट्या प्रतिकूल मतांना मात्र पुढच्या लोकांनी बऱ्याच अंशी दुरुस्त केलं. म्हणजे फुकटची स्तुती चिकटून राहते.

उपाय अवघड नाही. वाचकाने स्वतःचं मत देईपर्यंत त्याला इतरांची मतं दाखवू नयेत. मत द्यायचं तर कथा शेवटपर्यंत उघडलेली असावी. आणि पहिली वीसेक मतं जमेपर्यंत आकडा कोणालाच दिसू नये, लेखकालाही नाही. चिकटलेलं पान तसंच राहू द्यावं, एवढंच.

तिसरी अडचण संगनमताची. लेखकच लेखकांचे वाचक असतात, तिथे देवाणघेवाण सुरू होते. मी तुला पाच, तू मला पाच. उंटाच्या लग्नात गाढवाने गावं आणि दोघांनी एकमेकांच्या रूपाची नि गळ्याची वाखाणणी करावी, तसं. याची दुसरी बाजू सूडाची : तू मला तीन दिलेस, थांब, तुझ्या कथेला बघतो. घरं भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबी या कंपनीने २०१४ साली यावर तोड काढली. यजमान आणि पाहुणा या दोघांचेही अभिप्राय लिहून होईपर्यंत, किंवा मुदत संपेपर्यंत, कोणाचाच अभिप्राय उघड करायचा नाही. लेखनाच्या बाबतीत त्यापुढे जाऊन, कोणी किती तारे दिले हे लेखकाला कळूच नये. फक्त बेरीज कळावी. अभिप्राय लिहिला तर मात्र तो नावानिशी असावा.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदवलं होतं. त्याचा मथितार्थ आज असा सांगतात : जे मोजमाप लक्ष्य बनतं, ते चांगलं मोजमाप राहत नाही. म्हणून आकड्याला बक्षीस, बिरुद, मानधन असं काही जोडताना शंभरदा विचार करा. आकडा जितका मौल्यवान, तितका तो विकाऊ.

इथवर आपण फक्त आकडा सुधारला. आता कारणाकडे येऊ. डेव्हिड ह्यूमचा अभिरुचीच्या मानदंडावरचा निबंध १७५७ चा. त्यात त्याने 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट सांगितली आहे. सांचो पान्झाच्या दोन नातलगांना एका पिंपातल्या जुन्या द्राक्षमद्याची पारख करायला बोलावलं. एक म्हणाला, छान आहे, पण किंचित चामड्याचा स्वाद येतो. दुसरा म्हणाला, छान आहे, पण किंचित लोखंडाचा स्वाद येतो. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामं झालं, तर तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली निघाली!

आता विचार करा, तिथे तारे द्यायची पद्धत असती तर? दोघांनी चार-चार दिले असते, बाकीच्यांनी पाच-पाच. सरासरी साधारण ४.८ आली असती, सगळे खूष झाले असते आणि किल्ली तळाशीच राहिली असती. त्या दोघांचं मोल एक तारा कमी देण्यात नव्हतं, 'चामडं' आणि 'लोखंड' या शब्दांत होतं. लेखकाला उपयोगी पडतो तो असा शब्द. 'तिसऱ्या परिच्छेदात निवेदक बदलतो, तिथे मी हरवलो' या एका वाक्यापुढे पाच तारे काहीच नाहीत.

म्हणून अभिप्रायाची चौकट वेगळी हवी. त्यात तारे नकोतच. दोनच प्रश्न असावेत : कुठे मन लागलं? कुठे अडखळलात? लेखकाला एकदा उत्तर देण्याची मुभा असावी, वाद घालण्याची नको. कठोर अभिप्राय काढून टाकू नये. माणसावर घसरलेला अभिप्राय मात्र ठेवू नये. आणि अभिप्राय काढला तर का काढला हे लेखी सांगावं. ह्यूमने चांगल्या परीक्षकाचे गुण सांगितले त्यांत सराव, तुलना आणि पूर्वग्रहांपासून मुक्तता हे येतात. हे गुण जन्मजात नसतात, लिहून-वाचून येतात. दोन प्रश्नांची चौकट वाचकाला हळूहळू तेच शिकवते. आपल्या परंपरेत याला सहृदय म्हणतात. सहृदय घडावा लागतो.

शेवटी, हे सगळं न्याय्य झालं की नाही हे तपासायचं कसं? मागच्या वेळचा जॉन रॉल्स आठवा. त्याच्या १९७१ च्या ग्रंथातला अज्ञानाचा पडदा. नियम करताना, आपण उद्या कोणाच्या जागी असू हे आपल्याला माहीत नाही असं समजायचं. लोकप्रिय लेखक असू, लोकलमध्ये उभ्याने दहा मिनिटं वाचणारा वाचक असू, खरं बोलणारा टीकाकार असू, किंवा साठीत पहिली कथा लिहिणारी बाई असू. चारही जागी बसून नियम वाचायचे. लोकप्रिय लेखक थोडं कुरकुरेल, कारण पहिल्या पानावरच्या काही जागा मी नव्या लेखनासाठी चिठ्ठ्या टाकून द्यायला सांगतो आहे. पण त्याचीही पहिली कथा कधीतरी नवीनच होती.

विद्यार्थ्यांना मी हेच सांगितलं. त्यांनी विचारलं, 'सर, एवढं करून चुकीचं गुणांकन होणार नाही ना?' होईल. चांगली कथा मागे राहील, सुमार पुढे जाईल. न्याय्य पद्धत अचूक निकालाची हमी देत नाही. तुमचं म्हणणं ऐकलं जाईल, एका माणसाच्या लहरीवर तुमचा निकाल लागणार नाही, आणि चूक झाली तर ती दुरुस्त करायची वाट उघडी राहील, एवढीच हमी ती देते. ती मुलगी निघताना म्हणाली, 'आईला पुन्हा लिही म्हणून सांगू?' मी म्हटलं, 'नको. आधी तिची कथा तू वाच, आणि कुठे अडखळलीस ते तिला सांग.'