प्रतिनिधीच्या मताचा हिशेब

५ ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने केवळ गोव्यापुरते असलेले एक विधेयक संमत केले. गोवा विधानसभेच्या चाळीस मतदारसंघांत अनुसूचित जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची वाट मोकळी करणारे हे विधेयक. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात या जमातींची संख्या सुमारे दीड लाख, म्हणजे लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून थोडी अधिक. अनुसूचित जातींची संख्या पंचवीस हजारांच्या आसपास. तरीही विधानसभेत राखीव जागा एकच, आणि तीही अनुसूचित जातींसाठी. ती आपल्या पेडण्याची. ही विसंगती दूर करणारे विधेयक बरोबर एक वर्ष आधी, ५ ऑगस्ट २०२४ रोजी सभागृहात मांडले गेले होते. वर्षभर ते पडून राहिले आणि अखेर संमत झाले ते बिहारच्या मतदारयाद्यांवरून माजलेल्या गदारोळात, आवाजी मतदानाने.

आता पेडण्याच्या एखाद्या मतदाराने विचारले, की या विधेयकावर आमच्या खासदारांनी कोणते मत दिले, तर त्याला काय उत्तर द्यावे? नोंद नाही, एवढेच उत्तर संभवते. दोष त्या खासदारांचा नव्हे. त्या दिवशी ज्यांनी 'हो' म्हटले आणि ज्यांनी 'नाही' म्हटले, त्यांपैकी कोणाचेच नाव कागदावर उतरलेले नाही. ज्या कायद्याने गोव्याच्या विधानसभेची घडण बदलणार, त्या कायद्यावरील गोव्याच्या प्रतिनिधीचे मत गोव्याच्या मतदाराला कागदावर पाहता येऊ नये, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

उत्तर गोव्याचे प्रतिनिधित्व श्री. श्रीपाद नाईक १९९९ पासून अखंड करीत आले आहेत. १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असे लागोपाठ सहा वेळा मतदारांनी त्यांना निवडून दिले. त्यापूर्वी ते मडकईचे आमदार होते. १९९९ च्या अखेरीस पेडण्यात किंवा डिचोलीत जन्मलेल्या मुलाने २०१९ मध्ये लोकसभेसाठी प्रथम मत दिले, २०२४ मध्ये पुन्हा दिले. परंतु त्याच्या उभ्या आयुष्यात लोकसभेत त्याचा दुसरा प्रतिनिधी झालाच नाही. एवढा दीर्घ विश्वास कोणाला फुकट मिळत नसतो. श्री. नाईक यांची साधी राहणी, लोकांत मिसळण्याची वृत्ती आणि संयत वाणी यांचे ते फळ आहे, हे त्यांचे विरोधकही मान्य करतील. पण विश्वास जितका मोठा, तितका हिशेबही तपशीलवार असावा. हा हिशेब तीन वह्यांतून मांडता येतो: पहिली मतांची, दुसरी भाषणांची आणि तिसरी लोकांत होणाऱ्या नामोल्लेखाची. या तिन्ही वह्या उघडून पाहिल्या की कोणती भरलेली आहे आणि कोणती कोरी, हे ध्यानात येते.

मतांची वही बहुतांशी कोरी असते, आणि ती तशी राहण्यास आपली संसदीय पद्धत कारणीभूत आहे. बहुतेक विधेयके आवाजावर संमत होतात. कोणी मतविभागणी मागितली आणि अध्यक्षांनी ती मान्य केली, तरच नावानिशी मत नोंदले जाते. सप्टेंबर २०२० मध्ये शेतीविषयक विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेच कायदे रद्द झाले, तेही आवाजी मतदानाने आणि चर्चेवाचून. कायदा आला आणि गेला; कोणत्या सदस्याने काय केले, याचा मागमूस राहिला नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत उपस्थित सदस्यांपैकी एक-पंचमांश सदस्यांनी मागणी केली, तर प्रत्येकाचे मत कामकाजात नोंदलेच पाहिजे, असे स्पष्ट कलम आहे. ब्रिटनच्या लोकसभेत कोणी कोणत्या बाजूने मत दिले, याच्या याद्या १८३६ पासून अधिकृतपणे छापल्या जातात. आपण वेस्टमिन्स्टरचा सांगाडा घेतला. ही सवय मात्र अर्धीच घेतली.

जेथे मतविभागणी होते, तेथेही मताला कितीसा अर्थ उरतो? महिला आरक्षणाचे विधेयक सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. वक्फ दुरुस्ती विधेयक एप्रिल २०२५ मध्ये २८८ विरुद्ध २३२ मतांनी संमत झाले. हे आकडे पक्षांच्या बळाचे आहेत. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे पदच धोक्यात आणले आणि तेव्हापासून सदस्याचे मत हे पक्षाच्या प्रतोदाचे मत झाले. आयाराम-गयारामांना आवर घालणे, हा त्या कायद्याचा हेतू होता. गोव्याला त्या हेतूची काय गत झाली, हे सांगावयास नको. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये आठ गेले. झुंडीने गेलेल्यांना कायद्याने अडविले नाही. पक्षात राहून एखाद्या विधेयकाविरुद्ध प्रामाणिकपणे हात वर करू इच्छिणाऱ्याला मात्र त्याच कायद्याने गप्प बसविले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

दुसरी वही भाषणांची. येथे श्री. नाईक यांच्या कारकिर्दीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. वाजपेयींच्या सरकारात ते निरनिराळ्या खात्यांचे राज्यमंत्री होते. २०१४ पासून पर्यटन, संस्कृती, आयुष, संरक्षण, बंदरे आणि पुढे २०२४ मध्ये ऊर्जा व नवीकरणीय ऊर्जा अशी खाती त्यांच्याकडे आली. केवळ सदस्य म्हणून सलग काम करण्याचा मोठा कालखंड म्हणजे २००४ ते २०१४ ही दहा वर्षे. मंत्री प्रश्न विचारीत नाही, खासगी विधेयक मांडीत नाही, हजेरीपटावर सही करीत नाही. दिल्लीतील पीआरएस ही संस्था खासदारांची हजेरी, प्रश्न आणि चर्चेतील सहभाग यांची मोजदाद करते. तिच्या तक्त्यांत मंत्र्यांचे रकाने म्हणूनच मोकळे असतात. हे मोकळे रकाने दाखवून कोणी श्री. नाईक यांना निष्क्रिय ठरवील, तर तो अन्याय होईल. मात्र त्या मोकळ्या रकान्यांचा मतदारसंघाच्या दृष्टीने काय अर्थ होतो, हा प्रश्न विचारणे अन्यायाचे नाही.

आमच्या मते तो अर्थ असा: मंत्रिपदाने मतदारसंघाला एक दार उघडते आणि त्याच वेळी त्याचा एक आवाज जातो. दार कसे उघडते, हे पेडण्याने पाहिले आहे. धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. आयुष खाते गोव्याच्या खासदाराकडे नसते, तर ती संस्था पेडण्यात आली असती का, अशी शंका घेण्यास जागा आहे. त्याच दिवशी मोपाच्या विमानतळाचेही उद्‌घाटन झाले. त्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता मिळाली होती ती मार्च २००० मध्ये. मान्यता आणि उद्‌घाटन या दोन टोकांमधली बावीस वर्षे श्री. नाईक यांच्याच खासदारकीत मोडतात.

आवाज कसा जातो, हे डिचोलीला विचारावे. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेसमोर आला आणि खाणी बंद पडल्या. तेव्हा श्री. नाईक दिल्लीत विरोधी बाकांवर होते; सरकारला हवा तो प्रश्न विचारण्यास मोकळे होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरविले, तेव्हा ते मंत्री होते. खाणींवर पोट असणारे लोक दिल्लीपर्यंत गेले. पोर्तुगीजकालीन खाण सवलतींचे पट्ट्यांत रूपांतर करणारा १९८७ चा कायदा दुरुस्त करावा, ही त्यांची मागणी होती. तो कायदा संसदेचा. दुरुस्ती करणार तर संसदच. ती दुरुस्ती झाली नाही, आणि डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीचा खाणपट्टा लिलावात गेला. ही मागणी योग्य होती की अयोग्य, याविषयी मतभेद आहेत आणि खाणींनी शेते व झरे कसे गिळले, हे शिरगाव-मयेचे शेतकरी सांगतील. पण योग्य असो वा अयोग्य, हा वाद सभागृहात गोव्याच्या तोंडून ऐकू यावयास हवा होता. मंत्र्याच्या तोंडाला सामूहिक जबाबदारीचे कुलूप असते. तो मंत्रिमंडळात बोलेल, पत्रे लिहील, सहकाऱ्यांच्या कचेऱ्यांत जाईल. परंतु त्यातले काहीच मतदाराला दिसत नाही.

म्हादईची कथाही याच वळणाने जाते. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ आणि गोव्याला २४ अब्ज घनफूट पाणी दिले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या प्रकल्प अहवालाला मान्यता दिली. ज्या सरकारने ही मान्यता दिली, त्याच सरकारात उत्तर गोव्याचा प्रतिनिधी बसलेला. अशा वेळी मंत्र्याने काय करावे, याचा एकच नियम सांगता येत नाही. पण त्याने काय केले, हे जाणण्याचा हक्क मात्र मतदारांना आहे.

मंत्र्याच्या हातूनही संसदेच्या दप्तरी टिकणारे काम होऊ शकते, याचे उदाहरण पेडणे तालुक्यातच आहे. श्री. रमाकांत खलप १९९६ मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि विधी खात्याचे राज्यमंत्री झाले. महिला आरक्षणाचे पहिले विधेयक सप्टेंबर १९९६ मध्ये लोकसभेत मांडले गेले, ते त्यांच्या नावाने. सत्तावीस वर्षांनी ती कल्पना कायद्यात उतरली. २०२४ मध्ये हेच श्री. खलप श्री. नाईक यांच्यासमोर उभे राहिले आणि लाखाहून अधिक मतांनी पराभूत झाले. दोघेही केंद्रात मंत्री राहिलेले, दोघांच्याही संसदीय कामाचे दप्तर उपलब्ध. प्रचारसभांत त्या दप्तराची पाने किती उलटली गेली, हे वाचकांनी आपल्या स्मरणालाच विचारावे.

तिसरी वही नामोल्लेखाची, आणि ती मात्र सदैव तुडुंब भरलेली. पायाभरणी, नारळ फोडणे, सत्कार, वाढदिवसाच्या शुभेच्छा, पेडण्याच्या पुनवेला उपस्थिती, शिरगावच्या लईराईच्या जत्रेत दर्शन. आपला समाज माणूस जोडून राहणारा आहे. सुखदुःखाला येणाऱ्या पुढाऱ्याची तो कदर करतो, आणि त्यात काही गैर नाही. परंतु जत्रेतली अनुपस्थिती गावभर चर्चिली जाते आणि सभागृहातील मौनाची कोणालाच खबर नसते, तेव्हा प्रतिनिधी साहजिकच जत्रा चुकवीत नाही. आपण जे मोजतो, तेच आपल्याला मिळते.

याहून वेगळे मोजमाप आपल्या शेजारीच घडून गेले आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडला, की जो जुना राजापूर मतदारसंघ लागत असे, त्याने १९५७ पासून नाथ पै यांना आणि १९७१ पासून मधु दंडवते यांना लोकसभेत पाठविले. नाथ पै कधी मंत्री झाले नाहीत. त्यांच्या नावावर ना बंदर आहे, ना विमानतळ. पण १९६७ मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयी त्यांनी मांडलेले खासगी विधेयक देशभर गाजले. ते संमत झाले नाही, तरी त्याचे तत्त्व त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत आले. गोव्याच्या सत्याग्रहात ज्यांना पोर्तुगीजांनी बारा वर्षांची शिक्षा ठोठावली, त्या मधु लिमये यांनी पुढे लोकसभेत नियमांचे पुस्तक हेच शस्त्र केले. वेंगुर्ल्या-सावंतवाडीचा सामान्य माणूस आपला खासदार काल सभागृहात काय बोलला, हे चहाच्या दुकानात सांगत असे. ती जाणती नजर त्या मातीत होती. ती पेडण्या-डिचोलीच्या मातीत रुजणार नाही, असे मानण्यास कारण नाही.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, गोव्यासंबंधीच्या प्रत्येक विधेयकावर नावनिशीवार मतनोंदणीची मागणी आपल्या प्रतिनिधींनी स्वतः करावी. त्यासाठी पक्ष सोडावा लागत नाही. दुसरी, पक्षादेशाचा बडगा सरकारच्या अस्तित्वाशी आणि अर्थसंकल्पाशी निगडित मतदानापुरताच राहावा, या दुरुस्तीसाठी सर्व पक्षांतील जाणत्यांनी आग्रह धरावा. तिसरी, मंत्री असलेल्या खासदाराने वर्षातून एकदा मराठी-कोकणीत लेखी निवेदन प्रसिद्ध करावे: कोणत्या विधेयकांवर कोणते मत दिले, मतदारसंघाच्या कोणत्या प्रश्नांवर कोणत्या खात्याला पत्रे लिहिली, त्यांना काय उत्तरे आली, आणि वर्षाला पाच कोटींचा खासदार निधी कोठे खर्ची पडला. चौथी गोष्ट आपल्या हातातली आहे. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या वाचनालयांत एक साधी नोंदवही ठेवता येईल. लोकसभेचे कामकाज आज घरबसल्या पाहता येते, छापील वृत्तांत मिळतात; दोन-चार निवृत्त शिक्षकांनी मनावर घेतले, तर प्रत्येक अधिवेशनानंतर एक पान सहज भरेल.

पोर्तुगीज राजवटीतही गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेत जात. १८२२ पासून ती प्रथा होती. सालाझारच्या काळात प्रतिनिधी हे नाव उरले, जाब विचारण्याचा अधिकार मात्र उरला नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींनी गोळ्या झेलल्या, त्या हा अधिकार या भूमीला मिळावा म्हणून. तो १९६१ मध्ये आला. पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घेतली, की तो वापरून झाला, असे समजणे ही त्या हुतात्म्यांची उपेक्षा होय. शाईचा डाग महिन्याभरात पुसला जातो. हिशेबाची वही पुढली पाच वर्षे उघडी राहिली पाहिजे.