गिटारच्या अ‍ॅम्पमधून बास वाढवायचा, म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

"इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पमधून बास कमी येतोय, काय बदलू?" ध्वनिशास्त्रात पीएचडी करतोय म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला एखाद्या वस्तूचं नाव हवं असतं: अमुक स्पीकर, तमुक पेडल. मला हा प्रश्न वेगळ्या कारणाने आवडतो. नेट, सेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांना "संशोधनाचा प्रश्न नीट मांडा" असं सतत ऐकवलं जातं, पण न मांडलेला प्रश्न कसा दिसतो ते सहसा कोणी दाखवत नाही. तो असा दिसतो.

"बास कमी आहे" या वाक्यात निदान तीन वेगळे दावे आहेत. अ‍ॅम्पच्या सर्किटमध्ये खालच्या फ्रीक्वेन्सी गळतायत, हा एक. सर्किटमधून त्या निघतायत पण स्पीकर आणि खोली मिळून त्या तुमच्यापर्यंत पोचू देत नाहीत, हा दुसरा. आणि हवेत सगळं आहे, पण तुमच्या कानालाच ते कमी वाटतंय, हा तिसरा. तिन्हींचे उपाय वेगळे. चुकीच्या दाव्यावर उपाय केला तर पैसे जातात आणि बास आहे तिथेच राहतो.

आधी आकडा बघू. नेहमीच्या ट्युनिंगमध्ये सहा तारांच्या गिटारची सगळ्यात जाड तार, म्हणजे खालचा ई, ८२.४ हर्ट्झला वाजते. त्याच्या खाली गिटारचा सूर नाहीच. असेल तर हाताचा धक्का आणि अ‍ॅम्पची घरघर. त्यामुळे इक्वलायझरवर ४० हर्ट्झची पट्टी वर सरकवून फारसं काही हाती लागत नाही. गिटारवाले ज्याला बास म्हणतात तो साधारण ८० ते २५० हर्ट्झमध्ये असतो. (शिवाय मूळ फ्रीक्वेन्सी गायब असली तरी मेंदू वरच्या स्वरांशांवरून ती भरून काढतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर तबल्याचा डग्गा ओळखू येतो तो याचमुळे. म्हणजे "ऐकू येतंय" हा "आहे" याचा पुरावा नव्हे.)

आता कान. १९३३ मध्ये बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्याच मोठ्या वाटायला हव्या असतील, तर खालच्या फ्रीक्वेन्सीला जास्त दाब द्यावा लागतो, आणि हा फरक आवाज मंद असताना सगळ्यात मोठा असतो. आजच्या प्रमाणित आलेखांनुसार १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला असेल, तर तेवढाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या सुराला सुमारे २४ डेसिबल जास्त लागतात. १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर नेला की ही तफावत साधारण निम्म्यावर येते. रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने व्हॉल्यूम कमी ठेवून वाजवलं की आवाज पातळ वाटतो आणि स्टेजवर तोच अ‍ॅम्प भरदार वाटतो, यातला मोठा भाग असा कानातच घडतो.

याचा प्रयोगावर थेट परिणाम होतो. तुम्ही नवीन पेडल जोडलं, आवाज दोन डेसिबलने वाढला आणि बास छान वाटला. पेडलने बास वाढवला की नुसता आवाज? सांगता येत नाही, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या. आधी दोन्ही वेळचा आवाज सारख्या पातळीवर आणायचा आणि मगच तुलना करायची.

दुसरा घोळ वाजवणाऱ्याचा. तुम्ही दर वेळी तार वेगळ्या जोराने छेडता. बास हवा आहे हे डोक्यात असलं की हात आपोआप जड पडतो. यावर सोपा इलाज म्हणजे साखळीत सगळ्यात पुढे लूपर पेडल ठेवायचं. एकच ओळ एकदा वाजवून त्यात साठवायची आणि तीच फिरत ठेवून पुढची एकेक गोष्ट बदलायची. स्टुडिओत री-अ‍ॅम्पिंग करतात ते याचंच मोठं रूप. शक्य असेल तर मित्राला बदल करायला लावा, आणि काय बदललं ते त्याने तुम्हाला सांगायचं नाही.

आता सर्किटकडे. जुन्या फेंडर आणि मार्शल घराण्यातल्या अ‍ॅम्पचं टोन सर्किट पॅसिव्ह असतं, म्हणजे ते काहीच वाढवत नाही, फक्त कापतं. बासचा खटका १० वर म्हणजे "कमीत कमी कापलं", बस. तो तिथे असूनही बास हवा असेल तर ट्रेबल आणि मिड उतरवा आणि व्हॉल्यूम चढवा. उत्तर जरा निराशाजनक आहे, पण फुकट आहे.

आणि अ‍ॅम्प बनवणाऱ्यांनी बास कापला तो मुद्दाम. ही गोष्ट मला फार आवडते. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला आणि त्याच्यासाठी १९५२ मध्ये बेसमन अ‍ॅम्प. गिटारवाल्यांनी तो आपलासा केला. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पहिला अ‍ॅम्प केला तो बेसमनचंच ५एफ६-ए हे सर्किट समोर ठेवून. म्हणजे रॉक गिटारचा हा अ‍ॅम्प मुळात बाससाठीच्या अ‍ॅम्पचा वंशज. पण लोक अ‍ॅम्प जोरात चढवून आवाज फाडायला लागले, आणि फाटताना भरपूर बास असला की सगळा चिखल होतो: खालचा मोठा सिग्नल व्हॉल्वची सगळी जागा खाऊन टाकतो. पुढे मार्शलच्या ब्राइट चॅनलमध्ये पहिल्या व्हॉल्वच्या कॅथोडवर ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आला. ५एफ६-ए मध्ये तिथे २५० मायक्रोफॅरडचा होता. इतका लहान कपॅसिटर खालच्या फ्रीक्वेन्सीला कमी गेन देतो. ट्यूब स्क्रीमर पेडलचंही तेच: साधारण ७२० हर्ट्झच्या खाली त्याचा गेन उतरत जातो.

म्हणून डिस्टॉर्शनच्या आधी बास वाढवू नका, नंतर वाढवा: इक्वलायझर पेडल डिस्टॉर्शनच्या पुढे किंवा अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये. (कपॅसिटर बदलायला स्वतः व्हॉल्व अ‍ॅम्प उघडू नका. आत शेकडो व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात.)

स्पीकरबद्दल थोडक्यात. मागून उघड्या कॅबिनेटमध्ये पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढे दाब वाढतो आणि मागे कमी होतो. लांब तरंगलांबीच्या लाटा कडेने वळून एकमेकींना खोडतात, म्हणून बास गळतो. बंद कॅबिनेटमध्ये हे टळतं. कॅबिनेट खुर्चीवरून जमिनीवर उतरवलं, कोपऱ्याकडे नेलं, तरी बास वाढतो, कारण जी ऊर्जा सगळीकडे पसरत होती ती आता कमी जागेत जाते.

राहिली खोली, आणि सगळ्यात जास्त फसवते तीच. खालच्या ईची तरंगलांबी सुमारे ४.२ मीटर. आपल्याकडची १० बाय १४ फुटांची खोली घ्या: १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. या लांबीच्या दिशेने खोलीचा दुसरा मोड बरोबर ८१ हर्ट्झच्या आसपास पडतो. त्याचा दाब दोन्ही भिंतींशी आणि मधोमध सगळ्यात जास्त, आणि भिंतीपासून साडेतीन फुटांवर जवळजवळ शून्य. तुमची खुर्ची नेमकी तिथे असेल तर जगातला कुठलाही अ‍ॅम्प आणा, खालचा ई पोकळच लागणार.

तेव्हा लूपरवर खालचा ई फिरत ठेवा आणि खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत हळूहळू चाला. फोनवर रेकॉर्ड करून ठरवू नका. बऱ्याच फोनमध्ये खालच्या फ्रीक्वेन्सीला आधीच कात्री लावलेली असते. भिंतीजवळ बास भरून येतो आणि खुर्चीशी नाहीसा होतो असं दिसलं, तर खुर्ची सरकवा. खोलीभर फिरूनही आवाज सगळीकडे सारखाच पातळ असेल तर खोलीवरचा संशय मिटला. मग कॅबिनेटची मागची बाजू आणि पेडलचा क्रम बघायला घ्या.