ब्रुकलिनचा १९४७ चा हंगाम : दार कोणी उघडले?

आपल्या चळवळीत अमेरिकेतील काळ्यांचा विषय निघतो तो बहुधा साहित्याच्या नाहीतर पँथरच्या संदर्भात. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या प्रश्नाचा आपण अभ्यास करत आलो आहोत, असे कळवले होते. परंतु या लढ्याचा एक भाग बेसबॉलच्या मैदानावर लढला गेला, त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. बेसबॉल आपल्याकडे खेळत नाहीत, हे त्याचे एक कारण. खेळ म्हणजे करमणूक, आणि करमणुकीत विचार करण्यासारखे काय असणार, हा आपल्या सुशिक्षितांचा ग्रह, हे दुसरे. ब्रुकलिन डॉजर्स या संघाचा १९४७ चा हंगाम मी येथे मांडतो आहे तो हा ग्रह दूर व्हावा म्हणून.

प्रथम बहिष्काराचे स्वरूप पाहू. काळ्या माणसाने मोठ्या लीगमध्ये खेळू नये असा कोणताही लेखी नियम नव्हता. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा खेळाडू टोलेडोच्या संघातून खेळला होता. त्यानंतर मालकामालकांत अलिखित समजूत झाली आणि साठ वर्षे एकही काळा खेळाडू आत आला नाही. १९४२ मध्ये बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी लँडिस यांनी तर असा नियमच अस्तित्वात नाही, असे जाहीर केले! ‘कुठे लिहिले आहे ते दाखवा’ हे उत्तर आपल्याला नवे नाही. गावच्या पाणवठ्यावर तरी कोठे पाटी लावलेली असे? जे लिहिलेले नसते त्याच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची, हीच अलिखित रूढीची ताकद असते.

बाहेर ठेवलेल्यांनी आपले घर स्वतः बांधले. १९२० मध्ये रूब फॉस्टर यांनी निग्रो नॅशनल लीग उभी केली. तिचे संघ, पुष्कळसे मालक, प्रेक्षक आणि तिच्याविषयी लिहिणारी वर्तमानपत्रे काळ्या समाजातील होती. हे विसरून चालणार नाही, कारण पुढचा हिशेब त्याच्याशी निगडित आहे.

डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सनला भेटीला बोलावले. रॉबिन्सन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळत होता. तो विद्यापीठात शिकलेला होता आणि सैन्यात लेफ्टनंट होता. १९४४ मध्ये टेक्सासमधील छावणीच्या बसमध्ये मागे जाऊन बसण्यास नकार दिल्याने त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. अशा स्वाभिमानी माणसाला रिकींची अट होती की शिवी आली, धक्का बसला तरी उलट उत्तर द्यायचे नाही. त्याने ती मान्य केली. १९४६ चे वर्ष मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात गेले आणि तेथे फलंदाजीत तो लीगमध्ये पहिला आला.

रिकींना उद्धारक ठरवण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. रिकी धार्मिक वृत्तीचे होते आणि त्यांच्या हेतूत प्रामाणिकपणा असेलही. पण ‘पिट्सबर्ग कुरियर’चे वेंडेल स्मिथ आणि बाल्टिमोरचे सॅम लेसी हे काळे पत्रकार, तसेच ‘डेली वर्कर’ या कम्युनिस्ट दैनिकाचे लेस्टर रॉडनी वर्षानुवर्षे या प्रश्नावर लिहीत होते. महायुद्धात काळे सैनिक लढून परत आले होते. १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीतील वंशभेदाविरुद्ध कायदा केला होता. शिवाय काळा प्रेक्षक तिकीट काढतो आणि काळा खेळाडू स्वस्तात मिळतो, हे रिकींसारख्या हिशेबी माणसाला कळत नव्हते असे कोण म्हणेल? बाहेरून इतके रेटे बसल्यावर दार उघडणाऱ्या माणसाचे श्रेय मान्य करावे. पण रेटा देणाऱ्यांची नावे पुसून नव्हे.

हंगामाआधीच्या सरावाच्या काळात संघातील काही खेळाडूंनी, विशेषतः दक्षिणेकडच्यांनी, रॉबिन्सनविरुद्ध अर्ज फिरवला. त्यांपैकी डिक्सी वॉकर हा अलाबामातला लोकप्रिय खेळाडू. गावी त्याचे लोखंडी सामानाचे दुकान होते आणि काळ्याबरोबर खेळलो तर गिऱ्हाईक तुटेल अशी त्याला भीती होती, असे त्याने नंतर सांगितले. (बहिष्कार घालणाराही बहिष्काराला भितो, जात कशी टिकते याचा हा चांगला धडा आहे.) व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी खेळाडूंना रात्री उठवून बजावले की हा माणूस खेळणार, आणि तो तुमच्या खिशात पैसे घालणार. त्यांनी नीतीची भाषा वापरली नाही. अर्ज तेथेच विरला. ड्युरोशर यांना मात्र हंगाम सुरू होण्यापूर्वीच दुसऱ्या कारणावरून वर्षभरासाठी निलंबित केले गेले आणि संघ बर्ट शॉटन यांच्याकडे आला.

१५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबिट्स फील्डवर बोस्टन ब्रेव्ह्जविरुद्ध रॉबिन्सन पहिल्या बेसवर उभा राहिला. योगायोग असा की दोनच आठवड्यांनी, २९ एप्रिलला, दिल्लीत संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले.

त्या वेळच्या हंगामाची रचना समजून घेतली पाहिजे. लीगमध्ये आठ संघ, आणि प्रत्येकाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी बावीस सामने खेळायचे, म्हणजे एका संघाचे १५४ सामने. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत जवळपास रोज खेळ, रेल्वेचा प्रवास आणि परगावचे हॉटेल. म्हणजे ज्याने आज शिवी दिली तोच उद्या आणि परवाही समोर; महिन्याने त्याच्याच गावी जायचे. २२ एप्रिलला फिलाडेल्फियाचा संघ ब्रुकलिनला आला. त्याचे व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्यांचे खेळाडू बाकावरून वर्णावरून इतके हिणकस बोलत राहिले की तो दिवस आपल्याला कोसळण्याच्या अगदी जवळ घेऊन गेला, असे रॉबिन्सनने १९७२ च्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. पुढे मे महिन्यात संघ फिलाडेल्फियाला गेला तेव्हा नेहमीच्या हॉटेलाने जागा नाकारली. त्याच मुक्कामात चॅपमनबरोबर एक बॅट धरून त्याला छायाचित्रासाठी उभे केले गेले. अपमान करणाऱ्याची अब्रू वाचवण्याचे कामही अपमानिताकडेच आले. सेंट लुई कार्डिनल्सचे खेळाडू संप करणार असल्याची बातमी ‘हेरल्ड ट्रिब्यून’ने ९ मे रोजी छापली, लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी संप करणाऱ्यांना निलंबित करू, अशी ताकीद दिली होती.

पी वी रीझ या गोऱ्या सहकाऱ्याने मैदानात रॉबिन्सनच्या खांद्यावर हात टाकला, हा प्रसंग अमेरिकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. ब्रुकलिनमध्ये त्याचे शिल्पही आहे. पण तो नेमका कोणत्या वर्षी घडला याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. रीझने अर्जावर सही केली नव्हती, ही गोष्ट मला खांद्यावरच्या हातापेक्षा मोठी वाटते. आणि चॅपमनच्या माणसांवर उलट ओरडला तो एडी स्टँकी, जो स्वतः काही पुरोगामी म्हणून प्रसिद्ध नव्हता. संघात माणसे अशीच बदलतात; व्याख्यान ऐकून क्वचित, बरोबर काम करताना अधिक.

रॉबिन्सनला बोलायला बंदी होती, पण पळायला नव्हती. बेसबॉलमध्ये चेंडू टाकला जात असतानाच धावपटूने पुढचा बेस गाठला तर तो ‘चोरला’ असे म्हणतात. रॉबिन्सन बेसपासून चार पावले सरकायचा, थबकायचा, पुन्हा सरकायचा, आणि चेंडू टाकणाऱ्याचे लक्ष फलंदाजावरून उडायचे. त्या वर्षी त्याने २९ बेस चोरले, लीगमध्ये सर्वांत जास्त. १५१ सामने, १२५ धावा, .२९७ ची सरासरी. वर्षातील उत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि पहिला मान त्याला मिळाला. ऑगस्टमध्ये कार्डिनल्सच्या इनॉस स्लॉटरने पहिल्या बेसवर त्याच्या पायावर खिळ्यांचा बूट रोवला. तरी तो खेळत राहिला. डॉजर्सने ९४ सामने जिंकले, ६० हरले आणि लीगचे अजिंक्यपद मिळवले. वर्ल्ड सिरीज मात्र यांकीजने चार-तीन अशी घेतली. एबिट्स फील्डवर त्या हंगामात अठरा लाखांच्या आसपास तिकिटे खपली. ड्युरोशर यांचा हिशेब खरा ठरला.

येथे पळवणकर बाळू यांची आठवण अपरिहार्य आहे. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज पुण्यात हिंदूंच्या संघाला बळी मिळवून देत असे, पण चहा त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच दिले नाही; ते धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि ते हरले. प्रस्थापितांच्या मैदानात शिरलेल्या माणसाचा वापर कोण कशासाठी करील, याचा नेम नसतो. रॉबिन्सनलाही १९४९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे पॉल रोबसनच्या विरोधात साक्ष देण्यास बोलावले गेले. त्याने साक्ष दिली, आणि पुढे रोबसनविषयीचा आदर उघडपणे लिहिला.

आता हिशेबाची दुसरी बाजू. रॉबिन्सनला घेताना रिकींनी मोनार्क्सला एक डॉलरही दिला नाही. तुमचे करार खरे करारच नाहीत, असे त्यांचे म्हणणे. न्यूअर्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅन्ली यांनी मात्र जुलै १९४७ मध्ये लॅरी डोबी क्लीव्हलँडला गेला तेव्हा मोबदला मागून घेतला. काळा प्रेक्षक रॉबिन्सनच्या मागे एबिट्स फील्डकडे गेला, आणि आपल्या लोकांची मैदाने ओस पडू लागली. १९४८ च्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीग बंद झाली. मोठ्या लीगने घेतले ते खेळाडू. मालक, व्यवस्थापक, प्रशिक्षक यांना तिने बोलावले नाही. आपल्या वसतिगृहांचा, नियतकालिकांचा, कलापथकांचा विचार करताना हा तपशील मला सारखा आठवतो.

खेळाडूंचा प्रवेशही सावकाश झाला. १९४७ अखेर मोठ्या लीगमध्ये पाच काळे खेळाडू खेळले होते. बोस्टन रेड सॉक्सने पहिला घेतला तो १९५९ मध्ये. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीत रॉबिन्सनचा सत्कार झाला. मधुमेहाने त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. एखादा काळा व्यवस्थापक दिसेल तेव्हा मला अधिक आनंद होईल, असे त्याने तेथे सांगितले. नऊ दिवसांनी तो वारला. पहिला काळा व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, १९७४ मध्ये क्लीव्हलँडने नेमला.