ईदनंतरची पाण्यावरची वाट

रमजानचा शेवटचा आठवडा आला की घरात दोन याद्या चालू होतात. एक शिरखुर्म्याच्या सामानाची आणि दुसरी, ईदला जोडून आलेल्या सुट्टीत कुठे जायचं याची. दुसऱ्या यादीत बहुतेकदा तीच ती नावं असतात. त्यात यंदा एक वेगळी वाट घालून पाहा : तामिळनाडूतल्या नागपट्टिनमहून श्रीलंकेतल्या कांकेसंतुरईला जाणारी प्रवासी बोट. अंतर साधारण ११० किलोमीटर, वेळ सुमारे चार तास. प्रवास परदेशाचा, पण विमानाशिवाय.

या पाण्यावरची ये-जा जुनी आहे. १९१४ मध्ये पांबनचा रेल्वेपूल झाला आणि मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, पुढे तलैमन्नारपर्यंत बोट, असा एकाच तिकिटाचा प्रवास सुरू झाला. ‘बोट मेल’ हे नाव त्यावरूनच पडलं. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झालं. नंतर रामेश्वरमहून बोटी सुटत राहिल्या, पण श्रीलंकेत यादवी पेटली आणि १९८० च्या दशकात त्याही थांबल्या. २०११ मध्ये तुतिकोरिन-कोलंबो बोट सुरू झाली, ती काही महिन्यांतच बंद पडली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टिनमची सेवा सुरू झाली, तीही पावसाळ्यामुळे लगेच थांबली. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘शिवगंगै’ या बोटीने ती पुन्हा चालू केली.

हा इतिहास सांगण्याचं कारण आखणीशी जोडलेलं आहे. ही सेवा हवामानावर चालते. आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा तिकडे ईशान्य मान्सून सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर समुद्र खवळलेला असतो आणि बोट बांधून ठेवावी लागते. सध्या ईद वसंतात येते, म्हणून जमून जातं. पण चांद्रवर्ष दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतं. २०३० मध्ये तर एकाच वर्षात, जानेवारीत आणि डिसेंबरअखेरीस, दोनदा रमजान सुरू होईल. पुढे ईदच ऑक्टोबर ते डिसेंबरच्या महिन्यांत येऊ लागली की ही वाट ईदच्या कामाची राहणार नाही.

तेव्हा आधी बोटीचे वार आणि तारखा पक्क्या करा, मग रेल्वेचं तिकीट काढा. उलटं करू नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. श्रीलंकेची प्रवास परवानगी ऑनलाइन मिळते. तिचे नियम आणि शुल्क बदलत असतं, म्हणून सरकारी संकेतस्थळावरच पाहा. सामानाच्या वजनाची मर्यादा तिकिटावर वाचून घ्या. बंदरावर इमिग्रेशन, कस्टम सगळं विमानतळासारखंच असतं, त्यामुळे काही तास आधी पोहोचावं लागतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जाताना आणि येताना दोन-दोन दिवस मोकळे ठेवा. बोट रद्द झाली तर चेन्नई-जाफना विमान हा दुसरा मार्ग आहे, त्याचे पैसे बाजूला असू द्या. ‘इन्शाअल्लाह’ म्हणणं म्हणजे आखणी सोडून देणं नव्हे. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी आखणीतच जागा ठेवणं, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

हे मोकळे दिवस वाया जात नाहीत. नागपट्टिनमच्या अलीकडे तंजावर आहे : भोसल्यांची राजधानी, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला मराठी शिलालेख. नागपट्टिनमच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर नागूरचा दर्गा आहे. शाहुल हमीद हे सोळाव्या शतकातले सूफी. दर्याचे प्रवासी त्यांना मानत आले, इतके की पेनांग आणि सिंगापूरमध्येही तिथल्या तमिळ मुसलमानांनी त्यांच्या नावाची वास्तू उभारली. नागूरच्या पाच मिनारांपैकी सर्वांत उंच, १३१ फुटांचा मिनार तंजावरच्या मराठा राजाने, प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला. दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर वेलंकन्नीचं चर्च आहे. दर्गा, चर्च आणि बंदर एका दिवसात पाहून होतं, आणि तिन्ही ठिकाणी सगळ्या धर्मांची माणसं दिसतात.

ईदची वाट न पाहता रमजानमध्येच निघणाऱ्यांसाठी थोडं. एवढ्या अंतराच्या प्रवासात रोजा सोडून नंतर भरून काढण्याची सवलत आहे, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. रोजा ठेवणार असाल तर बोट लागण्यावरची गोळी सहरीलाच घ्या, मधल्या भागातली जागा मागा, नजर क्षितिजावर ठेवा. श्रीलंकेचं घड्याळ आपल्याशी जुळतं, पण सूर्य जुळत नाही. जाफन्यात मुंबईपेक्षा सहरी अर्धा तास आधी संपते आणि इफ्तारही वीस-पंचवीस मिनिटं आधी होतो. चांद दिसण्याचा निर्णयही तिथला वेगळा, म्हणून ईद एक दिवस इकडेतिकडे होऊ शकते. इफ्तारला दोन्ही किनाऱ्यांवर ‘नोंबु कंजी’ मिळते. तांदळाची ही पातळसर पेज दिवसभराच्या उपाशी पोटाला फार मानवते.

कांकेसंतुरईहून जाफना अठरा-वीस किलोमीटर. पुढे कोलंबोपर्यंत रेल्वे आहे. जाफन्यात नल्लूरचं कार्तिकेय मंदिर पाहाल, १९८१ मध्ये जाळलं गेलेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं ग्रंथालय पाहाल. तिथल्या मुस्लिम मोहल्ल्यातही एक फेरी मारा. ऑक्टोबर १९९० मध्ये तमिळ वाघांनी उत्तर प्रांतातल्या सत्तर हजारांहून अधिक मुसलमानांना हाकलून दिलं. जाफन्यातल्या लोकांना घर सोडायला दोन तास मिळाले. भाषा तमिळ, शेजारही पिढ्यान्‌पिढ्यांचा. पुट्टलमच्या छावण्यांत एक पिढी वाढली. २००९ मध्ये युद्ध संपल्यावर काही कुटुंबं परतली, पुष्कळ परतलीच नाहीत. त्याच युद्धात तमिळ हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबं होड्यांत बसून आपल्या किनाऱ्याला लागली, त्यांतली अनेक अजून तामिळनाडूतल्या छावण्यांत आहेत.

म्हणून ही बोट नुसती सहलीची नाही. चार तासांच्या या पाण्याला दोन्हीकडची माणसं चाळीस वर्षं मुकली होती. एकाच्या हाती परतायचं नातं आहे, दुसऱ्याच्या हाती विकायचा माल, तिसऱ्याचा नवस. प्रवासी नसतील तर बोट पुन्हा बांधली जाईल, जशी याआधी बांधली गेली. आपण सहलीसाठी काढलेलं तिकीट त्यांचीही वाट चालू ठेवतं. ईदी जमा करणाऱ्या पोरांना हे सांगून पाहा, त्यातली थोडी रक्कम ती खुशीने बोटीसाठी काढून देतील.