गडचिरोलीची आरोग्यदूत

पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची वाट बंद होते. अशा वेळी चार दिवसांचं बाळ अंगावर प्यायचं थांबलं, तर आईनं जायचं कुठे? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'सर्च' या संस्थेनं पुढे या प्रश्नाचं साधं उत्तर दिलं: उपचारच घरी न्यायचे. हे काम सोपवलं गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांवर. या आरोग्यदूत.

बाळंतिणीच्या खोलीत आरोग्यदूत शिरते ती आधी साबणानं हात धुऊन. मग बाळाला झोळीत ठेवून स्प्रिंगच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, मिनिटभर श्वासांची मोजणी. पण तिचं खरं कसब आईला प्रश्न विचारण्यात आहे. रडणं क्षीण झालंय का? हातपाय लुळे पडलेत का? दूध ओढायचं थांबलं का? अंग गार किंवा तापलेलं लागतं का? शिवाय ती स्वतः पाहते, की श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, पोट फुगलंय किंवा उलट्या होताहेत का, बेंबीत वा कातडीवर पू आहे का. या सातांपैकी दोन खुणा एकाच वेळी दिसल्या, तर जंतुसंसर्ग समजायचा आणि आईबापांना विचारून जेंटामायसिनचं इंजेक्शन सुरू करायचं. प्रयोगशाळा नाही, रक्ततपासणी नाही. आईला आपल्या बाळातला जो बदल सर्वांत आधी कळतो, त्यालाच इथे निदानात मान मिळाला. या पद्धतीचं मला सर्वांत मोठं वाटणारं यश हेच.

सुई डॉक्टर-नर्सच्याच हाती असावी, ही धारणा आपल्याकडे पक्की आहे. गडचिरोलीच्या ३९ गावांनी तिला आकड्यांनी उत्तर दिलं. १९९३-९५ मध्ये तिथे हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. २००१-०३ मध्ये हा आकडा २५ वर आला. या कामाचा पहिला मोठा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

बाळाची काळजी बाळापासून सुरू होत नाही, हेही इथेच दिसलं. राणीताईंनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. हा अभ्यास १९८९ चा. बहुतेकींनी ते कधी कुणाला दाखवलेच नव्हते. शरीराबद्दल मुलींशी कुणी मोकळेपणानं बोलतच नसेल, तर दुखणं सांगायला शब्द तरी कुठून येणार? शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींसाठीचं राणीताईंचं 'तारुण्यभान' शिबिर म्हणूनच मला आरोग्यदूतांच्या कामाचा पुढचा भाग वाटतो. पाळी, शरीरातले बदल, लैंगिकता, नात्यांतली जबाबदारी, सगळं तिथे सरळ नावं घेऊन बोललं जातं.

२०११ मध्ये केंद्र सरकारनं घरोघरच्या नवजात-सेवेचं काम देशभरातल्या आशांवर, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्तींवर, सोपवलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशानं बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जायचं, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा. २०१८ पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी जोडल्या गेल्या. इंजेक्शन मात्र आशांच्या हाती आलं नाही. २०१४ च्या सूचनांनुसार, बाळाला रुग्णालयात नेणं शक्य नसेल तेव्हा ते एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली सिस्टर, देऊ शकते. पण या सिस्टरकडे अनेक गावं, लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी आणि रजिस्टरं. ती ऐन वेळी दुर्गम पाड्यावर पोचेलच असं नाही. गडचिरोलीनं सिद्ध केलेला सर्वांत मोलाचा भाग देशभर नेताना गळाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या घरी बाळ झालं असेल आणि आशाताई दारात आल्या, तर त्यांना ओट्यावरून परत पाठवू नका. हात धुवायला पाणी द्या, बाळापर्यंत जाऊ द्या. त्या आल्याच नाहीत, तर उपकेंद्रात जाऊन विचारा. या भेटी तुमच्या बाळाचा हक्क आहेत.