पिसे नसलेली चोरी

निवृत्तीनंतर गावच्या घरी राहायला आलो आणि सहा गावठी कोंबड्या पाळल्या. नोकरीत असताना इतरांना कोंबड्यांसाठी बरीच कर्जे दिली होती. आपल्याही परसात पहाटे बांग ऐकू यावी एवढीच हौस. एका पौषातल्या सकाळी पाहतो तो खुराड्याचे दार उघडे आणि दोन कोंबड्या नाहीशा. रक्ताचा थेंब नाही, पिसांचा विस्कट नाही. पहिला संशय आला तो खालच्या वाडीतल्या एका पोराचा. आणि लगेच आठवले, की हाच संशय मी पूर्वी एकदा कागदावर लिहिला होता.

ते साल १९८८. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटण्याचे दिवस. राजापूर तालुक्यातल्या एका विधवा बाईंना दहा कोंबड्यांसाठी कर्ज दिले होते. चार महिन्यांनी पाहणीला गेलो तर तीनच शिल्लक. "जनावरानं नेल्या, साहेब," बाई म्हणाल्या. "मग पिसं कुठायत?" मी विचारले. त्या गप्प राहिल्या. मी शेरा मारला: 'परस्पर विक्री केली असण्याची शक्यता.' वर्षभराने त्या शिवणयंत्रासाठी आल्या, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी फाइल उघडली, शेरा वाचला आणि अर्ज बाजूला सारला.

माझ्या शेजारच्या काकींनी कुणाचेच नाव घेतले नाही. "चुलीतली राख पसरा दारापुढं," एवढेच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी राखेत ठसे उमटले: गोल, चार बोटांचे, नखांची खूण नसलेले. रानमांजर! ते कोंबडी जागच्या जागी खात बसत नाही, तोंडात धरून झाडीत नेते. कोल्हाही तसाच नेतो. त्याचा ठसा लांबट आणि नखे उमटलेली. पिसे सापडलीच तर दूर, कुंपणापलीकडे.

मुंगसाचे काम निराळे. क्षुल्लक वाटणाऱ्या फटीतून ते आत शिरते, मानेवर आणि डोक्यावर चावे घेते, आणि खाईल त्याहून जास्त मारून टाकते. सकाळी मेलेल्या कोंबड्या तिथेच पडलेल्या असतात. मोकाट कुत्रीही अशीच मारून टाकतात, पण अंगणभर पिसे उधळून. अंडी आणि लहान पिल्ले गुपचूप कमी होऊ लागली तर साप किंवा घूस. दिवसाढवळ्या पिल्लू गेले तर मान वर करून घार, शिक्रा, कावळा यांच्याकडे पाहावे.

बाजारात कोंबड्यांची म्हणून जी षट्कोनी जाळी मिळते, तिचा भरवसा मी तरी धरणार नाही. कोंबड्या आवरायला ती पुरते, कुत्र्याच्या दातांपुढे टिकत नाही. अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली जाळी घ्यावी आणि फूटभर जमिनीत पुरावी, म्हणजे उकरणाऱ्याचेही चालत नाही. माझ्या खुराड्याच्या दाराला नुसती सुतळी होती! आता कडी आहे, कडीत खिळा आहे, आणि दिवेलागणीच्या आधी मी स्वतः कोंबड्या मोजून आत घेतो. मोजण्याची सवय बँकेतलीच. सांडलेले दाणे झाडून टाकावेत. त्यांच्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

काही जण विष घालतात. ते शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही लागते. शिवाय मुंगूस आणि रानमांजर दोघांनाही १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि वाडीतले उंदीर तेच मारतात.

कडी बसवल्यावर मी त्या बाईंच्या गावी जाऊन आलो. बाई हयात नव्हत्या. मुलगा घरी होता, अंगणात कोंबड्या चरत होत्या. मी कोण हे सांगायचे धाडस झाले नाही. रात्री यांना कुठे कोंडता, एवढेच विचारले. त्याने मागच्या बाजूला नेऊन दाखवले: जांभ्या दगडाचे बुटके खुराडे, दाराला जाड लोखंडी कडी.

"आईनं बांधून घेतलं होतं," तो म्हणाला, "मी शाळेत असताना."